बॅटरीतला मुंजाभाऊंचा पसा

आमच्या कंट्रोल रूममध्ये एक लॉगबुक आहे. बॅटरीचं तापमान किती, ती किती टक्के भरली, गावाकडं किती सोडली, हे सगळं दर तासाला त्यात लिहायचं. शेवटी 'शेरा' नावाचा दोन बोटं रुंदीचा रकाना. त्यात 'सर्व ठीक' एवढंच मावतं. जे मावत नाही ते माझ्याकडं साठत गेलं. बॅटरी तरी रोज संध्याकाळी रिकामी होते, माझं तसं नाही. म्हणून म्हटलं, आज आपणही जरा डिस्चार्ज होऊ!

देवगाव फाट्यावरून आत वळलं की माळवाडीच्या माळावर आमचा सोलर प्लांट लागतो. त्याच्या कडेला पांढरे सहा कंटेनर ओळीनं उभे आहेत. त्यात बॅटऱ्या. दिवसभर ऊन साठवायचं आणि दिवेलागणीला गावाकडं सोडायचं, एवढंच त्यांचं काम.

मी सुभाष, सोनपेठचा, इथला शिफ्ट ऑपरेटर. आधी दुसऱ्या एका सबस्टेशनवर होतो. तिथं दुपारी सोलरची वीज उतू जायची आणि संध्याकाळी गावाला लागायची तेव्हा ऊन घरी गेलेलं असायचं. मग लाइट जायची, माझा फोन वाजायचा आणि माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस व्हायची. संध्याकाळ झाली की मी फोन ड्रॉवरमध्ये टाकायचो. इथं आल्यापासून तो टेबलावर असतो. त्याबद्दल मी ज्यांचा ऋणी आहे त्यांचेच हे किस्से.

*

बॅटऱ्या आल्या त्या आठवड्यात सगळं गाव बघायला लोटलं. कंटेनरच्या अंगाला एसी घरघरत होते. एका म्हातारबांनी कान लावला आणि हळूच विचारलं, "आत कोन सायेब निजलंय?"

"साहेब नाही बाबा, बॅटऱ्या आहेत," कांबळे मॅडम म्हणाल्या. मॅडम आमच्या प्लांटच्या इंजिनियर. मानवतच्या. वय तिशीच्या आत, आवाज मात्र पन्नाशीचा. "बॅटरी तापली की बिघडते. तिला पंचवीस डिग्रीच्या आसपास ठेवावं लागतं."

आमचे वॉचमन मुंजाभाऊ शेजारीच उभे होते. ज्या माळावर प्लांट आहे त्यातला एक तुकडा त्यांचाच, त्यामुळं ते वॉचमन कमी आणि मालक जास्त. त्यांनी आधी एसीकडं बघितलं, मग माझ्या खोलीतल्या डुगडुगणाऱ्या पंख्याकडं बघितलं.

"म्हंजी मशिनीला एसी आन् माणसाला पंखा! लय भारी हाय तुमचं!"

लोक हसले. तेवढ्यात गर्दीतनं एका बाईचा आवाज आला.

"मॅडम, माझ्या किड्यांना बी पंचवीसच लागतंय! आत जरासक जागा हाय का?"

मुंजाभाऊंनी कपाळाला हात लावला. ती त्यांची सून होती, छाया.

*

छायाचे किडे म्हणजे रेशमाचे किडे. घरामागं अर्धा एकर तुती लावलेली आणि तिला लागून पत्र्याचं लांबलचक शेड. किडे तुतीचा पाला खातात आणि पंचविसेक दिवसांत कोष करतात. पण उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही. आधीच्या दोन बॅच ऐन कोषावर यायच्या वेळेला गेल्या. एक उन्हाळ्यात, एक ऑक्टोबरच्या तापात. दोन्ही वेळेला तेच झालं. दिवेलागणीला लाइट गेली, कूलर बंद पडले, पत्रा दिवसभराचा तापलेला. सकाळी छायानं घमेल्यानं किडे बाहेर काढले.

दुसऱ्या वेळेला मुंजाभाऊंनी निकाल देऊन टाकला. "मिरगाच्या आत एक बॅच निघली तर शेड तुझं. न्हाई तर म्हशीचं!"

आता मिरगाच्या आत म्हणजे भर उन्हाळ्यात! उन्हाळी बॅच घेऊ नका, असं शहाणी माणसं सांगतात. पण छायाला दुसरी वाटच ठेवली नव्हती. ती एक दिवस गेटवर आली आणि मॅडमना थेट म्हणाली, "सांजंची लाइट राहील म्हनता ना? मग मी किडे आनायलेय बगा."

मॅडमनी मान हलवली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "सुभाष, एवढी भीती मला कॉलेजच्या तोंडी परीक्षेला वाटली नव्हती!"

*

आता पशाचा किस्सा.

बॅटरी पहिल्यांदा गावाकडं सोडली त्या संध्याकाळी मुंजाभाऊ स्क्रीनसमोर येऊन बसले. नव्वद, ऐंशी, सत्तर. आकडा खाली यायला लागला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. चाळीसला उभे राहिले. तीसला टोपी काढली.

"बंद करा!"

"का हो भाऊ?"

"कामून म्हंजी? समदं वतून टाकता का? घरात कणगी असती, तिच्यातलं धान्य कदी बुडापोतर काडतेत का? आमच्या आईनं कदी काडलं न्हाई. कसलं बी साल असू, बुडाला पसाभर ठिवायचंच."

हे मला माहीत होतं. माझ्या आजोळीही तसंच. डबा घासायला काढला तरी आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि धुऊन वाळवून परत तळाला टाकायचं.

मॅडम समजुतीनं म्हणाल्या, "भाऊ, बॅटरीचंही तसंच आहे. अगदी रिकामी केली तर तिचं आयुष्य कमी होतं. आम्हीपण तळाला दहा टक्के ठेवतो."

"दहा?" मुंजाभाऊंना ते फारच कंजूष वाटलं. "आन् अवचित पाव्हणा आला मंग?"

"बॅटरीकडं कोण पाहुणा येणार?"

"पाव्हणा सांगून येतो का मॅडम?"

मॅडमनी कीबोर्ड पुढं ओढला. त्यांनी तळ वीस टक्क्यांवर नेला. मी स्क्रीनला एक चिकटपट्टी लावली आणि वीसच्या रेघेशी पेनानं लिहिलं, 'मुंजाभाऊंचा पसा'.

महिन्याभरानं पुण्याच्या ऑफिसातनं पत्र आलं. बाकी सगळीकडं दहा टक्के असताना आपल्याकडं वीस का, याचा खुलासा करावा. मॅडमनी उलटटपाली कळवलं, 'स्थानिक परिस्थिती लक्षात घेऊन.'

ऑफिसचं समाधान झालं. स्थानिक परिस्थिती गेटवर बसून तंबाखू मळत होती!

*

पुढं पुढं मुंजाभाऊंना या आकड्यांचा नादच लागला. ड्यूटी संपवून घरी जाताना ते मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर आजचे टक्के लिहायला लागले. वर शाळेच्या गुरुजींचा सुविचार, खाली मुंजाभाऊंचे टक्के. लोक सुविचार सोडून टक्के वाचायचे. गिरणीवाला मला फोन करायचा, "सुभाषराव, आज किती भरली?" संध्याकाळी फोन यायचा आणि त्यात शिवी नसायची! पहिल्यांदा तर मी फोन ठेवल्यावर नंबर परत तपासून बघितला.

एकदा दिवसभर आभाळ आलं. बॅटरी चाळीसच्या वर जाईना. मुंजाभाऊंनी फळ्यावर लिहिलं, '४०. जपून.'

एवढंच. दवंडी नाही, मीटिंग नाही. त्या संध्याकाळी गिरणी बंद राहिली. मोटारी बंद. घराघरांत एकेक दिवा. मी स्क्रीनवर बघत होतो, गावाचा लोड निम्म्यावर आलेला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणावर सक्ती नव्हती. मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं मी या लोकांना वीज देतोय असं मला वाटायचं. त्या दिवशी त्यांनी मला दिली.

दुसऱ्या दिवशी आमचे खालेद चाचा आले. चाचा रोज सकाळी सोलरच्या काचा धुतात आणि गावातल्या सगळ्या बातम्या आणतात. ते मुंजाभाऊंना म्हणाले, "मुंजाभाई, कल पूरे गाव में अंधेरा. एकच घरात टीव्ही चालू था. किसका मालूम?"

"कुनाचा?"

"आपकाच!"

मुंजाभाऊ जराही गडबडले नाहीत. "फळा गावासाटी असतोय चाचा. घरात माजं कोन वाचतंय!"

*

आमच्या गेटवर एक व्हिजिटर रजिस्टर आहे. कोणीही येऊ द्या, कलेक्टर असो नाहीतर कुरियरवाला, मुंजाभाऊ नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत. एकदा पुण्याचे मोठे साहेब 'मी इथला जनरल मॅनेजर आहे' म्हणाले, तेव्हा भाऊंनी 'कामाचं कारण' या रकान्यात 'मॅनेजर असणे' असं लिहून घेतलं होतं.

तर तिसऱ्या बॅचची पिल्लं यायची होती. बारीक बारीक किडे ट्रेमध्ये घालून, पाल्यासकट जीपनं येतात. ती जीप भर दुपारी फाट्यावर बंद पडली. छाया स्कुटीवर गेली आणि ट्रे पुढंमागं बांधून निघाली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. गाव अजून लांब, प्लांट वाटेतच. ती सरळ आमच्या गेटवर आली.

"मामा, तासभर सावलीला ठिवू द्या. ऊन उतरलं की नेते."

सासऱ्याला ती मामा म्हणते. मुंजाभाऊंचा या किड्यांवर राग, हे सगळ्यांना माहीत. मी म्हटलं आता सुनेला माघारी लावतात. पण त्यांनी ट्रेवरचं ओलं फडकं जरा उचललं, आत बघितलं आणि किल्ल्यांचा जुडगा काढून इन्व्हर्टरची खोली उघडून दिली. बॅटऱ्यांच्या कंटेनरखेरीज प्लांटमध्ये तेवढ्याच खोलीला एसी!

मॅडम जेवून आल्या. इन्व्हर्टरच्या दोन कपाटांमध्ये किड्यांचे सहा ट्रे बघून त्यांचा पन्नाशीतला आवाज पार साठीत गेला. सेफ्टी म्हणजे काय, नियम म्हणजे काय, नोकरी म्हणजे काय. दहा मिनिटं! छाया मान खाली घालून उभी.

मग मॅडम खाली वाकल्या. किडे डोकं वर करून हलवत होते.

"भूक लागली का यांना?"

"व्हय मॅडम."

"मग पाला कोण टाकणार? मी?"

ऊन उतरल्यावर ट्रे गेले. मॅडमनी मुंजाभाऊंना सांगितलं, "भाऊ, हे परत होणार नाही. आणि याची कुठं नोंद बिंद नको."

मुंजाभाऊंचा चेहरा पडला. नोंद झालेली होती! रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलेलं:

नाव: किडे. संख्या: मोजता आली नाही. कामाचं कारण: थंडावा. येण्याची वेळ: दोन वाजून दहा मिनिटं. जाण्याची वेळ: सहा वाजता. सही: करत नाहीत.

*

किडे आल्यावर छायानं घरात कायदा लावला. रेशमाच्या किड्यांना वास चालत नाही. फोडणी झाकून, अत्तर बंद, तंबाखू शेडपासून लांब आणि उदबत्ती तर अजिबात नाही. मुंजाभाऊंची खंडोबाची पूजा बिनउदबत्तीची झाली. दोन दिवस त्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी ते खंडोबाचा फोटो पिशवीत घालून ड्यूटीवर आले.

मॅडम यायच्या आत त्यांनी फोटो इन्व्हर्टरच्या खोलीत टेकवला. खोली थंड, स्वच्छ, देवाला साजेशी. पाच उदबत्त्या लावल्या, वर थोडा ऊद. डोळे मिटून हात जोडले.

छताला धूर ओळखणारं यंत्र होतं. सायरन असा वाजला की चाचा पाण्याची नळी टाकून पळाले. दुसऱ्या मिनिटाला पुण्याहून फोन.

"आग कुठं लागली?"

"आग नाही सर," मी सांगितलं, "पूजा चालली आहे."

पलीकडं कोणीतरी ते टाइप करून घेतलं. मग आवाज आला, "संपल्यावर कळवा."

मॅडमनी काही विचारायच्या आत मुंजाभाऊच तणतणले. "घरी किडे, हितं सायरन! देवानं वास घ्यावा तरी कुटं?"

शेवटी चाचांनी तोडगा काढला. कंपाउंडच्या बाहेर लिंबाखाली एक दगड मांडून दिला. खंडोबा अजून तिथंच आहेत. रोज सकाळी काचा धुऊन उरलेल्या पाण्यानं चाचा तो दगडही धुतात.

*

आता शेवटचा.

किडे शेवटच्या वयात आले होते. या वयात ते रात्रंदिवस खातात. शेडच्या दारात उभं राहिलं तरी पाला कुरतडल्याचा आवाज येतो. छाया म्हणाली होती, "आजची आन् उद्याची सांज निगली की कोशावर येतेत."

त्या दिवशी सकाळपासून धुळीचं वारं. चाचांनी दोनदा काचा धुतल्या, दोनदा परत माती. बॅटरी निम्मीच भरली. सहाला सोडायला सुरुवात केली आणि पावणेआठला आकडा वीसवर येऊन थांबला, चिकटपट्टीच्या रेघेवर. पुढं गाव तालुक्याहून येणाऱ्या मोठ्या लाइनवर.

आणि वादळ आलं. पाण्याचा थेंब नाही, नुसतं वारं. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत झालं. वारं पडलं आणि उकाडा असा दाटला की श्वास घेववेना. त्या मोठ्या लाइनचे खांब आडवे झाले होते. माळवाडी अंधारात.

मॅडमनी फोन फिरवायला घेतले. गावाला एकट्या बॅटरीवर चालवायची सोय आमच्याकडं आहे, एकदा चाचणीही झाली होती. पण त्याआधी पलीकडचा स्विच उघडून गाव मोठ्या लाइनपासून वेगळं केल्याची खात्री पाहिजे. नाहीतर आपण सोडलेली वीज पडलेल्या तारेत जाते, आणि त्या तारेवर माणसं काम करत असतात.

"खात्री झाल्याशिवाय एक दिवासुद्धा लावणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी परत तालुक्याला फोन लावला.

मुंजाभाऊ गेटवर उभे. गावाकडं तोंड करून. शेडच्या दारात कंदील हलताना दिसत होता. छाया आणि शेजारच्या बाया ओली पोती हलवून वारा घालत होत्या.

"भाऊ, घरी जा. गेट मी बघतो," मी म्हटलं.

"जाऊन काय करू? फुंकर घालू का किड्यांना?" ते म्हणाले. मग कंदिलाकडं बघत म्हणाले, "दोनदा घमेल्यानं काडले तिनं. रडली न्हाई. आता रडंल."

चाळीस मिनिटांनी फोन आला. स्विच उघडला, त्याला कुलूप लावलं, गाव पडलेल्या तारेपासून मोकळं आहे. मॅडम उठल्या. आता फक्त वीस टक्के होते, आणि ते कोणाचे हे स्क्रीनवरच लिहिलेलं होतं. त्या दारात आल्या.

"भाऊ, पसा तुमचा आहे. तुम्ही सांगा."

मुंजाभाऊंनी टोपी काढली.

"पाव्हणा आलाय मॅडम," ते म्हणाले. "वता."

मॅडमनी स्विच दाबला. माळवाडीचे दिवे लागले. काचांपायी त्या दिवशी थांबलेल्या चाचांनी तोवर मोटारसायकल काढलीच होती. गल्लीगल्लीत ओरडत गेले, "छायाबाई का शेड छोड के सब बंद करो!" आणि आम्ही प्लांटवरनं बघत होतो, दिवे लागले तसे एक एक करून विझत गेले. मुंजाभाऊंच्या घरातला टीव्हीसुद्धा. राहिली फक्त शेडमधली ट्यूब आणि कूलरचा आवाज. तो आवाज आमच्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. पण मुंजाभाऊ म्हणाले, "आलं बगा ऐकू," आणि मी हो म्हणालो.

खांब उभे राहून मोठी लाइन परत आली तेव्हा स्क्रीनवर सहा टक्के होते. लॉगबुकात मी शेरा लिहिला, 'सर्व ठीक'. तो लिहिताना मला जो आनंद झाला तो या नोकरीत आधी कधी झाला नव्हता.

मिरग लागला. म्हैस घरापुढच्या लिंबाखालीच आहे. मुंजाभाऊंनी तिच्यासाठी स्वतः छप्पर शाकारलं.

कोष काढले त्या दिवशी मुंजाभाऊ ड्यूटीच्या वेळेआधीच आले. पिशवीतनं फडकं काढलं, पहिल्या कंटेनरच्या पायाशी सिमेंटच्या कट्ट्यावर अंथरलं आणि त्यावर काहीतरी ठेवलं. मग गेटवर जाऊन चष्मा लावला आणि रजिस्टर उघडलं. ते चहाला गेल्यावर मी वाचलं.

नाव: कोष. संख्या: एक पसा. कामाचं कारण: बूड रिकामं नसावं.

जाण्याची वेळ हा रकाना त्यांनी कोरा ठेवलाय.